अक्काचा भिडू

मेंढीकोट लबाडीशिवाय खेळता येतो असं ज्याला वाटतं, त्यानं तो कधी खेळलेला नाही. चार माणसं, समोरासमोर बसलेले दोन-दोन भिडू, प्रत्येकी तेरा पानं आणि चार दश्श्या. या दश्श्या म्हणजेच मेंढ्या. चारही ज्यांनी ओढल्या, त्यांनी विरुद्ध जोडीवर कोट चढवला. नियम एवढेच. बाकी सगळा खेळ म्हणजे कोणतं पान पडून गेलं ते डोक्यात ठेवायचं आणि समोरच्या भिडूला कान खाजवून, नाक चोळून, खोकून कळवायचं. कऱ्हाडच्या 'निवांत' ज्येष्ठ नागरिक मंडळात ही विद्या सगळ्यांनाच येत होती.

म्हणून २०४१ साली मंडळात विसरण्याचा आजार ओळखणारं नवं पत्त्यांचं टेबल आलं, तेव्हा सभेत पहिला ठराव झाला तो हा, की टेबलाला कॅमेरा नको. कंपनीचा माणूस बिचारा हैराण झाला. "अहो काका, कॅमेरा असेल तर निदान जास्त अचूक होतं," तो म्हणाला.

"निदान गेलं खड्ड्यात," विलासराव खैरमोडे उभे राहून म्हणाले. "खुणा करायच्या नसतील तर आम्ही पत्ते कशाला कुटू? भजनी मंडळात जाऊ की!"

टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या त्यांच्या अक्कानं.

अक्का म्हणजे उज्ज्वला खैरमोडे. हायस्कुलात चौतीस वर्षं गणित शिकवलेली, लग्न न केलेली, विलासरावांपेक्षा सहा वर्षांनी मोठी. वडील लवकर गेले, आई अंथरुणाला खिळली, आणि या मुलीनं धाकट्या भावाचं पाढ्यांपासून मुंजीपर्यंत आणि नोकरीपासून लग्नापर्यंत सगळं केलं. पुढं विलासराव एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक झाले. गाड्या आपल्या आपण धावायला लागल्या त्या वर्षी निवृत्त झाले, आणि त्यानंतर पाच वर्षांनी त्यांची बायको गेली. तेराव्यानंतर ते बॅग घेऊन अक्काच्या दारात उभे राहिले. अक्का म्हणाली, "बॅग आत आण. पिठलं केलंय, गार होतंय." त्या दिवसापासून दोघं एकत्र राहत होते आणि रोज सकाळी दहा ते साडेबारा 'निवांत'मध्ये समोरासमोर बसून जगाला लुबाडत होते. त्यांच्या विरुद्ध बसायचे नंदकुमार गुजर आणि शैलाताई पेंढारकर. दोघंही गोड स्वभावाची आणि कायमची हरणारी.

टेबल दिसायला साधंच, हिरव्या बनातीचं. पानांच्या पोटात डोळ्यांना न दिसणारी धातूची जाळी होती आणि बनातीखाली ती ओळखणारी पट्टी. कुणी कोणतं पान किती वेळ थांबून टाकलं, एवढंच ते टिपायचं. पण तेवढ्यात सगळं आलं. कारण विसरण्याचा जो आजार आहे ना, तो माणसांची नावं विसरण्यापासून सुरू होत नाही. त्याच्या कितीतरी आधी मेंदूत चिकट प्रथिनांचे बारीक गोळे साचतात आणि पेशी-पेशींमधले सांधे सैल होऊ लागतात. माणूस बोलतो, हसतो, मंडईत घासाघीस करून कोथिंबीर आणतो. फक्त सात-आठ ताज्या गोष्टी एकदम डोक्यात धरून ठेवणं त्याला जमेनासं होतं. पत्त्यांत नेमकं तेच लागतं. एक्का पडून गेलाय हे ज्याला आठवतं तो झटकन पान टाकतो, ज्याला आठवत नाही तो अर्धा-पाऊण सेकंद अडखळतो. रोजच्या डावांमधले हे पाऊण-पाऊण सेकंद टेबल गोळा करायचं आणि प्रत्येकाचा आलेख काढायचं. डॉक्टरांना जे चार वर्षांनी कळलं असतं, ते टेबलाला दोन-अडीच महिन्यांत कळायचं.

कळून करायचं काय, हे मात्र तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आलेख घसरला की नोटीस यायची, आणि नोटीस आली की माणूस पत्त्यांच्या हॉलमधून उठून मागच्या तुळस हॉलमध्ये जायचा. तिथं सुरक्षित विरंगुळा असायचा. पाटबंधारे खात्यात धरणं बांधलेले गोगटे तिथं परातीतले मूग आणि मटकी वेगळी करत बसायचे. झाली की ताई येऊन ती पुन्हा एकत्र करायची. अक्कानं एकदा दारातून ते पाहिलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

गणपतीचे दिवस होते. डाव ऐन रंगात आलेला. चौकटचा एक्का पहिल्याच हाताला पडून गेला होता, म्हणून विलासरावांनी निर्धास्तपणे चौकटचा राजा उतरवला. आता अक्काकडे चौकटची दश्शी असेल तर तिनं डोळे झाकून त्यावर द्यायची, मेंढी घरात. अक्कानं पानांकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि तिरी टाकली. पुढच्या चौथ्या हाताला तीच दश्शी गुजरांनी हुकूम मारून नेली.

"उज्ज्वलाताईंची मेंढी आमच्याकडे!" शैलाताई ओरडल्या. "आज सूर्य कुठं उगवला?"

"एक्का बाहेर होता ना अजून," अक्का म्हणाली.

"पहिल्याच हाताला गेला की, अक्का."

"हो का?" ती म्हणाली, आणि पानं पिसायला घेतली. ज्या बाईला चाळीस वर्षांपूर्वीच्या वर्गातल्या पोरांचे हजेरी क्रमांक पाठ होते, तिला दहा मिनिटांपूर्वीचा एक्का आठवत नव्हता.

विलासरावांनी स्वतःची समजूत घातली. झोप नीट झाली नसेल, गणपतीची दगदग असेल, वय झालं. पण दुसऱ्या दिवशीपासून त्यांचा हात आपोआप कानाकडे जाऊ लागला. लहानपणी पाटणला मामाकडे मामेभावांना हरवण्यासाठी दोघांनी खुणांची एक भाषाच बसवली होती. डावा कान इस्पिक, उजवा कान बदाम, नाक चौकट, हनुवटी किलवर. तेव्हा त्या खुणांनी आपल्या हातात काय आहे ते सांगायचं असे. आता विलासराव त्याच खुणांनी काय पडून गेलं ते सांगू लागले. नाक चोळून एक बोट टेकवलं की चौकटचा एक्का गेला, दोन बोटं टेकवली की राजाही गेला. अक्का भावाच्या चेहऱ्याकडे बघायची आणि पान टाकायची, पूर्वीसारखं झटकन. गुजर आणि शैलाताई हे बघत होते. पण यात नवीन काय? खैरमोडे भावंडं लबाडी करतात हे सगळ्या कऱ्हाडला माहीत होतं.

असे सहा आठवडे गेले. दिवाळीच्या आधी डॉक्टर मृण्मयी दिवेकर मंडळात आल्या, पांढऱ्या फळ्यावर एक मेंदू काढला आणि म्हणाल्या, "काका-काकूंनो, औषध आलंय."

डॉक्टरीणबाईंनी सोप्या भाषेत सांगितलं. मेंदूत केर काढणाऱ्या पेशी असतात. हे औषध त्यांना चिकट गोळे दाखवून देतं आणि त्या ते उचलून नेतात. पण त्या पेशी म्हणजे घाईची मोलकरीण. पेशींचे सांधे घट्ट आहेत तोवर त्या फक्त केर नेतात. सांधे फार सैल झाले की त्यांनाही केर समजतात आणि ओढून काढतात. म्हणून पहिल्या घसरणीपासून तेरा आठवड्यांच्या आत औषध मिळालं, तर माणूस आहे तिथं थांबतो, पुढची वीस वर्षं तसाच राहतो. तेरा आठवड्यांनंतर तेच औषध विष आहे.

"रक्ताच्या तपासणीत नाही का कळत?" कुणीतरी विचारलं.

"पासष्टीनंतर तिघांतल्या एकाच्या रक्तात ही प्रथिनं सापडतातच, आजार असो वा नसो," त्या म्हणाल्या. "घसरण कधी सुरू झाली ते फक्त तुमचं टेबल सांगू शकतं. तेव्हा मन लावून खेळा."

सगळे हसले. विलासराव हसले नाहीत. त्यांनी मनातल्या मनात आठवडे मोजले. सात शिल्लक होते.

भाऊबीजेला अक्कानं ओवाळलं, स्वतःच्या हातच्या करंज्या खायला घातल्या. दुसऱ्या दिवशी 'निवांत'मध्ये विलासरावांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. आज एकही खूण करायची नाही, टेबलाला खरं ते कळू दे. अक्का दर पानाला मान वर करून त्यांच्याकडे बघत होती आणि ते आपल्या पानांत डोळे खुपसून बसले होते. तीन दश्श्या गेल्या. चौथ्या डावात तिनं हुकूम कोणता ते दोनदा विचारलं.

घरी जाताना नदीच्या घाटापाशी अक्का थांबली.

"विलास, आज खुणा का नाही केल्यास?"

"लक्षात नाही राहिलं."

"उद्या कर हं." मग म्हणाली, "मला गोगट्यांच्या शेजारी बसायचं नाही रे."

आता बोलायला हवं होतं. इथंच, घाटावर, लोकांच्या येण्याजाण्यात. विलासरावांनी तोंड उघडलं सुद्धा. "अक्का, ते नवं औषध म्हणतात ना..."

"ते आजारी माणसांना," अक्का म्हणाली, आणि सातवीचा पेपर तपासताना बघायची तशी तिनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "मी आजारी आहे का?"

"छे! काहीतरीच काय!"

अरे, भ्याड माणसा! एक शब्द, एवढाच बोलायचा होता. पण ज्या बाईनं बोट धरून शाळेत नेलं, तिला तोंडावर 'तू आजारी आहेस' म्हणायला जे काळीज लागतं, ते विलासरावांकडे नव्हतं. जानेवारीत तिची पंच्याहत्तरी होती. जुने विद्यार्थी मोठा सत्कार करणार होते, पुण्या-मुंबईहून पोरं येणार होती. नोटीस आली तर त्या सत्काराची माती होईल. आणि गणपतीतली ती चूक म्हणजे काही घसरण नव्हे, ते म्हणाले स्वतःशी. खरी घसरण आत्ता कुठं सुरू होतेय, आत्तापासून तेरा मोजायचे. पंच्याहत्तरी झाली की दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. मनाशी अशी पक्की गाठ मारून त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा नाकाला बोट लावलं.

सत्कार छान झाला. भाषण विलासरावांनी लिहून दिलं होतं, अक्कानं ते वाचून दाखवलं. लोक रडले.

ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळी ते अक्काला काहीतरी निमित्त सांगून डॉक्टरांकडे नेणार, तेवढ्यात फोनवर नोटीस आली. त्यांनी चष्मा लावून नाव वाचलं. श्री. विलास खैरमोडे. आलेखात घसरण, सुरुवात साधारण अकरा आठवड्यांपूर्वी, औषधासाठी तातडीनं यावं. खाली भिडू म्हणून उज्ज्वला खैरमोडे यांचाही आलेख होता. सरळ रेघ, मंडळातला सर्वोत्तम.

टेबलाचं काही चुकलं नव्हतं. विलासराव दोन माणसांची पानं एका डोक्यात धरत होते. अक्काचे डोळे आपल्याकडे वळेपर्यंत थांबत होते, तिला सोपं जावं म्हणून स्वतःची चांगली पानं भलत्या वेळी टाकत होते. दिवाळीनंतर तर हे फारच वाढलं होतं. टेबलाला चेहरे दिसत नव्हते. त्याला दिसत होता एक अडखळणारा म्हातारा आणि एक तल्लख बाई.

अक्कानं फोन हातातून घेऊन नोटीस वाचली आणि फोन परत त्यांच्या हातात ठेवला.

"घाबरू नकोस," ती म्हणाली. "मी आहे ना. मी येते बरोबर."

डॉक्टर दिवेकरांच्या खोलीत विलासराव खुर्चीत नीट बसलेही नाहीत. "डॉक्टर, हे माझं नाही. हे हिचं आहे. मी हिला खुणा करत होतो." सगळं सांगून टाकलं, कान, नाक, हनुवटी. अक्का शेजारीच बसली होती. ती बाहेर जायला तयारच नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "काका, सुरुवातीला बहुतेक सगळे असंच सांगतात. चूक दुसऱ्याची, टेबलाची, चष्म्याची. आजाराचंच लक्षण आहे ते. मंडळाच्या वार्षिक तपासणीत तुमच्या रक्तातही ही प्रथिनं सापडली होती. वेळ थोडा आहे, आजच सुरुवात करू या."

"ऐक रे त्यांचं," अक्का म्हणाली, आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

त्यांनी औषध घेतलं नाही. गुजरांना आणि शैलाताईंना हातापाया पडून डॉक्टरांकडे नेऊन उभं करण्यात दहा दिवस गेले. गुजर काकुळतीला येऊन म्हणत होते, "विलासराव, देवाशपथ, आम्हाला वाटलं तुमची नेहमीची लबाडी. हसत होतो हो आम्ही!" मग अक्काला शैलाताईंची भिडू करून बसवलं आणि विलासरावांना हॉलबाहेर काढलं. तिसऱ्या दिवशी आलेखाची रेघ पार खाली आली होती.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना एकट्याला बोलावलं. आता त्यांचा आवाज तसा राहिला नव्हता. "खुणा कधीपासून, काका? नक्की सांगा."

"गणपतीत. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

त्यांनी कॅलेंडर मागं सरकवत नेलं. "एकवीस आठवडे झाले."

"द्या ना तरी. माझ्या वाटचं तिला द्या. थोडा तरी फरक..."

"आता दिलं तर सहा वर्षांत जाणार ते सहा महिन्यांत जाईल," त्या म्हणाल्या. "दिवाळीत आला असतात तर..." आणि त्यांनी कॅलेंडर बंद केलं.

विलासरावांनी त्या संध्याकाळी अक्काला खुर्चीत बसवलं, स्वतः तिच्या पायाशी जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. औषध होतं, वेळ होता, मला माहीत होतं आणि मी बोललो नाही. मला मार, अक्का. ते लहान मुलासारखे रडले. अक्का त्यांच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"तू नाही बोलत आहेस हे. तुझा आजार बोलतोय," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या नव्हत्या का, माणूस भलत्याच चुका सांगायला लागतो म्हणून? मी नाही मनाला लावून घेत."

तिच्या डोक्यात हे एकच पक्कं बसलं, आणि बाकी सगळं निसटत गेलं तरी हे निसटलं नाही. विलास आजारी आहे, विलासला काही आठवत नाही. ती तुळस हॉलमध्ये गेली ती भावाला सोबत म्हणून, असं सगळ्यांना सांगून गेली. रस्ता ओलांडताना त्यांचं मनगट घट्ट धरायची. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात रोज चिठ्ठी घालायची, 'हा माझा भाऊ विलास. हा विसरतो. याला घरी पोचवा.' आधी अक्षर फळ्यावरच्यासारखं सुबक होतं. मग ओळी उताराला लागल्या. मग 'विलास' एवढंच, आणि पुढं नुसत्याच रेघोट्या. गॅस कसा पेटवायचा ते गेलं, पाढे गेले, पत्ते म्हणजे काय ते गेलं. विलासरावांनी तिच्या हातात चौकटची राणी दिली तर ती म्हणाली, "छान बाई आहे." ते रोज तिला न्हाऊ घालायला शेजारच्या मावशींना बोलवत, घास भरवत, आणि मधूनमधून म्हणत, "अक्का, माझं चुकलं." ती दर वेळी त्यांची समजूत काढायची. माफी मागणाऱ्याला माफीच मिळू नये, अशी शिक्षा कुणी ठरवून सुद्धा दिली नसती.

पाच वर्षं उलटली. एका सकाळी ते दूध घेऊन आले, तर अक्का दारातच उभी. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात त्यांची. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत ओळख नव्हती. परक्या माणसाशी बोलतो तशी अदबीनं म्हणाली, "अहो, माझ्या भावाला पाहिलंत का? विलास नाव. त्याला काही आठवत नाही हो. एकटाच बाहेर पडला वाटतं."

"पाहिलं," विलासराव म्हणाले. "येतोय तो. तुम्ही आत बसा."

"मीच लक्ष ठेवायला हवं होतं. माझीच चूक आहे."

एवढं ऐकल्यावर मात्र त्यांना राहवेना. "तुमची नाही हो चूक! त्याची आहे. तुमच्या भावाची. सगळं माहीत असून गप्प बसला तो. तुमचं वाटोळं केलं त्यानं."

अक्काचा चेहरा पालटला. मान ताठ झाली. कितीतरी दिवसांत तिच्या डोळ्यांत असं तेज आलं नव्हतं.

"लाज नाही वाटत?" ती कडाडली. "आजारी माणसाला नावं ठेवता? माझ्या भावाला ओळखता तरी का तुम्ही? असा भाऊ सात जन्मांत कुणाला मिळायचा नाही! चला, निघा इथून!"

तिनं दार लावलं आणि आतून कडी घातली. विलासराव दुधाची पिशवी घेऊन बाहेर उभे राहिले. त्यांनी दोनदा हाक मारली. आतून अक्काचा आवाज आला, भिंतीशी बोलत असावी तसा, हळू आणि प्रेमळ. "घाबरू नकोस हं, विलास. घालवलं मी त्याला."